एक्केचाळिसावी खेप

काच वितळवणाऱ्या माणसाच्या हातांवर भाजल्याच्या खुणा असणार, असं लोक धरूनच चालतात. ताईच्या हातांवर एकही नव्हती. तेवीस वर्षं ती भट्टीपुढे उभी राहिली, पण चटका असा कधी बसला नाही, आणि या गोष्टीचा तिला मनातून गर्व होता. तिला सगळे ताईच म्हणत. तिच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला मालकही म्हणायचा, चाळण्यांवर काम करणारा म्हातारा तर म्हणायचाच. सख्खा भाऊ म्हणाल तर एकच, धाकटा. पण ताईपण तिच्या अंगातच मुरलेलं होतं, त्याला कोण काय करणार.

कारखाना म्हणायचा तो एवढासाच. एका छापखान्याच्या मागे ओळीने पाच खोल्या. पहिलीत मालकाचं टेबल, दुसरीत भट्टी, तिसरीत दळण आणि चाळण, चौथीत डब्या भरायच्या, आणि अगदी शेवटी एक अरुंद खोली. तिथे माणसाच्या अंगाइतक्या उबेचं, म्हणजे कायम सदतीस अंशांवर राहणारं, एक कपाट होतं. त्या खोलीत ताईखेरीज कुणी फिरकत नसे, कारण तिथे खुर्ची मावत नव्हती आणि चहा प्यायला मनाई होती.

इथे होणारी काच खिडकीची नव्हे की बाटलीची नव्हे. हाडाची. वाळू, सोडा, चुना आणि थोडा फॉस्फरस मापून प्लॅटिनमच्या मुशीत घालायचा, साडेतेराशे अंशांवर पातळ करायचा आणि एका दमात गार पाण्याच्या टबात ओतायचा. ओतताच तडतड फुटून त्याचे खडे होतात. खडे दळले, चाळले की जाड्या साखरेसारखे दाणे मिळतात. हे दाणे हाडातल्या खळग्यात भरले की शरीराला ते परके वाटतच नाहीत. काच हळूहळू विरघळते, तिच्यावर पांढरा थर धरतो, त्या थराला हाड येऊन चिकटतं, आणि दीडेक वर्षाने एक्स-रे काढावा तर काच गायब, जागेवर हाड. ताईला हे इतक्या वर्षांनीही जरा अजबच वाटे, पण तसं ती बोलून दाखवत नसे.

या कामात एक पथ्य आहे. टबातले खडे लगेच उपसून सुकवायचे, पाण्यात राहू द्यायचे नाहीत. कारण रक्त कोणतं आणि टबातलं पाणी कोणतं हे काचेला कळत नाही, ओल मिळाली की ती आपलं काम सुरू करते. रात्रभर भिजलेली काच म्हणजे बाहेरून जेवून आलेला पाहुणा. ताटावर बसेल, पण घास उतरणार नाही.

एक्केचाळिसाव्या खेपेचे खडे रात्रभर पाण्यात राहिले.

त्याला कारण धाकटा. तो तिच्याहून अकरा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, तेव्हा त्याचं न्हाणंधुणं, शाळेचा डबा, परीक्षेच्या दिवशीची पोटदुखी सगळं तिनेच केलं. मोठा होऊन तो एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी चालवायला शिकवू लागला. लग्न झालं, तरी ताईला सतवायचं काम त्याने सोडलं नाही. त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास तो नवी कोरी मोटरसायकल घेऊन मागच्या अंगणात आला आणि भोंगा वाजवत बसला.

"ताई, एक फेरी. फक्त एक."

"काम चाललंय माझं. दिसत नाही?"

"तुझी काच पळून जाते की काय? दहा मिनिटांत आणून सोडतो."

मूस नुकतीच ओतून झाली होती. टबातून वाफ येत होती. दहा मिनिटांनी काय होतंय, असं ताईला वाटलं. ती एप्रनसकट मागे बसली. गावाबाहेरच्या पुलापर्यंत गेले, पुलावर थांबले, मग पलीकडचा रस्ता कसा आहे ते बघू म्हणून आणखी पुढे गेले. येताना पेट्रोल संपलं. मग काय, दोघांनी ढकलत आणली. ढकलताना तो तिच्या साहेबाची, म्हणजे मालकाची, चाल करून दाखवत होता आणि हसून हसून तिच्या पोटात कळ येत होती. परत येईस्तोवर कारखान्याला कुलूप लागलं होतं. इतकी मोकळी संध्याकाळ ताईला पुढे पुन्हा मिळाली नाही, आणि तिला ती आठवतेही फार.

सकाळी टबातल्या खड्यांवर पिठासारखी पांढरट साय आली होती.

ती खेप टाकून द्यायला हवी होती. ताईला हे ठाऊक होतं. पण मग मालकाला सांगावं लागलं असतं की भट्टी उघडी टाकून मी भावाच्या गाडीवर भटकायला गेले. तिने मनाची समजूत घातली की दळल्यावर आतली नवी काच उघडी पडतेच. हे निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं कळायला चाचणी असते. काचेची टिकली करून रक्ताइतक्याच क्षारांच्या पाण्यात सदतीस अंशांवर सात दिवस टांगायची. पांढरा थर धरला तर काच चांगली. ताईने ती चाचणी केली नाही. आळस म्हणून नव्हे, उत्तराची भीती वाटली म्हणून. तिने चाळिसाव्या खेपेचा निकाल उतरवून काढला आणि खाली सही ठोकली. त्या खेपेच्या तीनच डब्या भरल्या. एक हाडांच्या डॉक्टरांकडे गेली, दोन कपाटात राहिल्या.

पाच आठवड्यांनी वळणावर सांडलेल्या तेलावरून धाकट्याची मोटरसायकल घसरली. उजव्या नडगीचा चार बोटं तुकडा चुरा होऊन गेला.

डॉक्टर ओळखीचे, वर्षानुवर्षं यांचीच काच वापरणारे. शस्त्रक्रियेच्या सकाळी ताई धाकट्याजवळ बसली होती, तेव्हा ते ढकलगाडी घेऊन आत आले. "ताई, तुमच्याच हातची घालतोय," असं म्हणून त्यांनी डबी दाखवली. झाकणावर एक्केचाळीस लिहिलं होतं.

"घरचंच सामान," धाकटा गुंगीतच म्हणाला. "वाण्याकडे जायला नको."

सगळे हसले. ताईकडे चांगलं मिनिटभर होतं. तिने तोंड उघडलं, आणि "लवकर बरा हो," एवढंच म्हणाली.

तो बरा झाला नाही. दाणे जसे भरले तसेच राहिले, हाड त्यांच्याकडे फिरकलंच नाही. मग पू झाला, मग दुसरी शस्त्रक्रिया, मग तिसरी, आणि दहाव्या महिन्यात पाय गुडघ्यापासून काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, शंभरात पाच-सात जणांना असं होतं, यात कुणाचा दोष नसतो. ताईने ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. त्या कपाटातल्या दोन डब्या मात्र ती कुणाला देत नव्हती, काहीतरी निमित्त काढून मागे सारत होती. म्हणजे तिला ते वाक्य पटलं नव्हतंच.

धाकट्याने निदान वरवर तरी हे हसण्यावारी नेलं. "मोज्यांचा जोड आता हरवत नाही," म्हणायचा. गाडी शिकवणं सुटलं, ब्रेक कोण दाबणार. त्याच ड्रायव्हिंग स्कूलच्या कचेरीत अर्ज भरून घ्यायला बसू लागला. पण नसलेला पाय त्याला छळायचा. बोटं मुरगळल्यासारखी, नडगी चरकातून काढल्यासारखी दुखायची. पाय नाही हे डोळ्यांना दिसायचं, दुखण्याला त्याचं काही नव्हतं.

पाय काढून तीन महिने झाले, तेव्हा एका बुधवारी ताईने ठरवलं की आता कळायलाच हवं. प्रत्येक खेपेतली मूठभर काच दहा वर्षं जपून ठेवायचा नियम आहे. एक्केचाळीसची पुडी तिने काढली, रुपयाएवढी टिकली केली, आणि अर्धा लिटर क्षारांच्या पाण्यात नायलॉनच्या दोऱ्याने टांगून बाटली कपाटात ठेवली. राहून गेलेली चाचणी ती सव्वा वर्षाने करत होती. थर धरला नाही, तर धाकट्याला सगळं सांगायचं, मग तो काय म्हणेल ते म्हणेल. थर धरला, तर आपण सुटलो.

सातव्या दिवशी टिकलीवर थर होता. पांढरा, दाट, एकसारखा. ताई तिथेच फरशीवर बसली आणि रडली. बरंच रडली, कारण रडायचं साठलेलं होतं.

मग बाटली रिकामी करायची, झालं. पण तिला ती टिकली आणखी एकदा बघावीशी वाटली, मग दुसऱ्या दिवशी आणखी एकदा. कुणाला आपल्या निर्दोषपणाचा पुरावा फेकून द्यावासा वाटेल? नवव्या दिवशी टिकली करंगळीएवढी जाड झाली होती. दहाव्या दिवशी ती गोल राहिली नव्हती, खालच्या दिशेने लांबत चालली होती.

असं होत नाही. ताईने इतक्या चाचण्या केल्या होत्या, थर केसाएवढा धरतो आणि थांबतो. तिने पाण्याचा कस तपासला, कपाटाची ऊब तपासली. सगळं जिथल्या तिथे होतं.

रविवारी ती धाकट्याकडे गेली. तो खिडकीत बसून चक्क शीळ घालत होता.

"झोपतो आता," भावजय म्हणाली. "रात्रभर हूं की चूं नाही. कशानं का होईना, सुटलो म्हणायचं."

"गोळ्या बदलल्या?"

"नाही गं," धाकटा म्हणाला. "हसशील तू. पाय कुणीतरी कोमट पाण्यात सोडून ठेवल्यासारखा वाटतो. तू लहानपणी टबात बसवायचीस ना, तसं. सारखं, दिवसरात्र."

"कधीपासून?"

"गेल्या नाही, त्याच्या आधीच्या बुधवारपासून. सकाळी अकराच्या सुमाराला."

 बाटली कपाटात ठेवून तिने घड्याळ बघून वेळ लिहून ठेवली होती. दहा वाजून पन्नास मिनिटं.

"मनाचे खेळ असतात," ती म्हणाली.

"असतील," तो म्हणाला. "चांगले आहेत पण."

आता ताई काही भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातली नव्हे. दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून त्यांची सोयरीक लागत नाही, हे तिला कळत होतं. म्हणून पुढच्या मंगळवारी दुपारी बाराला तिने बाटलीतली वस्तू वजनासाठी दोन मिनिटं बाहेर काढली. अकरा ग्रॅम. संध्याकाळी तिने सहज म्हणून फोन केला.

"दुपारपर्यंत छान होता," भावजय म्हणाली. "बारा वाजता एकदम ओरडला. पाय गार पडला, पाय गार पडला म्हणून. दोन मिनिटांत थांबलं आपोआप."

त्यानंतर ताईने ती वस्तू पाण्याबाहेर काढली नाही.

बाटली पुरेना, तेव्हा तिने काचेची लांब पेटी आणली. वस्तू आता हातभर झाली होती. वरचं टोक रुंद होऊन त्याला दोन उथळ बशा आल्या होत्या, पुढच्या अंगाला धार धरली होती. इतके एक्स-रे बघितल्यावर नडगी ओळखायला कुणाला विचारायला नको. आणि मध्ये, जिथे चार बोटं चुरा झाला होता, तिथे हाड भरलेलं होतं. आत दाण्यांचा मागमूस नव्हता. जे त्याच्या पायात व्हायला हवं होतं ते पेटीत होत होतं. ताई दर दुपारी कपाट उघडून त्याच्याकडे बघत उभी राहायची. पेटीतलं पाणी ती दर दोन दिवसांनी, हाड उघडं न पडू देता, थोडंथोडं करून बदलायची, आणि बदलताना नवं पाणी आधी मनगटावर टाकून बघायची.

एकदा तिने हिशेब मांडला. पेटीतलं पाणी किती वर चढलं त्यावरून हाड एकशे बारा ग्रॅमचं निघालं. पेटीत आजवर घातलेल्या सगळ्या पाण्यात मिळून चुना किती, तर चिमटीभरही नाही. मग एवढं हाड येतंय कुठून? हा प्रश्न कागदावर आपोआप उभा राहिला. ताईने कागदाची घडी घातली आणि तो एप्रनच्या खिशात ठेवला. धाकटा झोपत होता, शीळ घालत होता, परवा तर म्हणाला होता की घोटा आल्यासारखा वाटतोय. प्रश्न विचारला असता तर उत्तर आलं असतं. तिने दुसऱ्यांदा कानाडोळा केला, आणि हे तिला तेव्हाही कळत होतं.

सहाव्या आठवड्यात धाकटा कचेरीतल्या खुर्चीवरून उठला आणि त्याची डावी नडगी काडीसारखी मोडली. पडला नाही, आपटला नाही. नुसता उठला.

डॉक्टरांनी ताईला एक्स-रे दाखवायला आत बोलावलं. त्यांनी दोन फिल्मा शेजारीशेजारी लावल्या होत्या.

"हा पाच महिन्यांपूर्वीचा डावा पाय. हा आजचा."

आजच्यात हाडाची नुसती बाह्यरेषा होती. आत धुकं.

"ऐंशी वर्षांच्या माणसाचं असं नसतं," डॉक्टर म्हणाले. "बाकी सांगाडा धडधाकट आहे, फक्त ही एक नडगी. रक्त तपासलं, मूत्रपिंडं तपासली. चुना गेला कुठे तेच समजत नाही. असाच जात राहिला तर हाही पाय ठेवता येणार नाही, ताई. तोवर आधाराला म्हणून एक चांगली खेप काढून ठेवा."

ताईने हो म्हटलं आणि ती बाहेर आली.

त्याच दुपारी तिने धाकट्याला सगळं सांगितलं. भावजय घरी डबा आणायला गेली होती. त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता, तरी चेहरा शांत होता, कारण दुसरा पाय, नसलेला, सुखात होता. ताईने पुलापासून सुरुवात केली. टब सांगितला, सही सांगितली, पुडी, बाटली, पेटी सांगितली. काही गाळलं नाही. मध्ये एकदा पाणी प्यायली.

 ती वाट बघत होती की तो ओरडेल.

"डबीवरचा आकडा तू बघितला होतास?"

"हो."

"कापायच्या आधी? मी जागा होतो तेव्हा?"

"हो. तू म्हणालास, घरचंच सामान."

त्याने छताकडे बघितलं. काहीतरी आठवून बघत असल्यासारखं.

"आणि तू म्हणालीस, लवकर बरा हो."

"हो."

त्याने मान भिंतीकडे वळवली.

"मी आज ते बाहेर काढते," ताई म्हणाली. "डावा वाचेल तुझा. ऐकतोयस ना?"

त्याने उत्तर दिलं नाही. त्या दिवशी नाही, आणि नंतरही नाही.

संध्याकाळी तिने मालकालाही खेपेचं सांगितलं. मालकाने दोन्ही डब्या स्वतः फोडून टाकल्या आणि दुसऱ्या दिवशी किल्ल्या मागून घेतल्या. तेवीस वर्षांनंतर तो एवढंच म्हणाला, "ताई, तुम्ही?" शिवीगाळ केली असती तर बरं झालं असतं. चाळण्यावाल्या म्हाताऱ्याने एक पेटी आणि तिच्यातलं जुन्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घरी पोहोचवायला मदत केली. काय आहे, हे त्याने विचारलं नाही.

ताईने हाड सुकवलं, कापसात गुंडाळून स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवलं. आणि डावी नडगी खरंच भरू लागली. पाच आठवड्यांच्या एक्स-रेमध्ये धुकं विरळ झालेलं दिसलं. डॉक्टर खूश होते, काच भरायची गरज पडणार नाही म्हणाले. ताईला वाटलं, चला, एक तरी गोष्ट आपण वेळेवर केली. धाकट्याने आपल्याशी जन्मभर बोलू नये, पण दोन्हीतला एक पाय त्याला राहावा. एवढी किंमत तिला मान्य होती.

मग भावजयीचा फोन आला.

"ताई, तो पाय वाळतोय म्हणतो. भेगा पडताहेत म्हणतो. नसलेल्या पायाला मी काय लावू, सांगा तुम्हीच." तिचा आवाज बसला होता. "महिनाभर नुसता पाय गार आहे म्हणायचा, गेले आठ दिवस तर डोळ्याला डोळा नाही. इंजेक्शनं देऊन झाली."

"मला काही म्हणाला?"

"तुमचं नाव काढलं की तोंड फिरवतो. काल एवढंच म्हणाला, तिला सांग परत ठेव."

"डावा जाईल त्याचा. तुला सांगितलंय ना त्याने?"

"सांगितलंय सगळं." तिने दार लोटून घेतल्याचा आवाज आला. "ताई, माणूस भिंतीवर डोकं आपटतो हो."

मासे पाळणाऱ्यांच्या दुकानातून ताईने पाणी तापवायची छोटी कांडी आणली. ओट्याशेजारच्या टेबलावर पेटी मांडली. दिवसातून अर्धा तास, चार ते साडेचार, त्यापेक्षा एक मिनिट जास्त नाही, असं तिने स्वतःला बजावलं. दोन्ही हातांनी धरून हाड पाण्यात सोडताना तिला भाऊ एवढासा असतानाची आठवण झाली आणि ती आठवण तिने ढकलून दिली. अर्ध्या तासाने भावजयीचा निरोप आला. झोपला.

तेव्हापासून रोज चार वाजता. अर्ध्या तासाला चिमटीभर वजन वाढायचं. डॉक्टर म्हणू लागले की प्रगती थांबली का कोण जाणे, पण निदान बिघडत तरी नाहीये. बिघडत होतं, किती ते ताईला वजनकाट्यावर दिसत होतं. धाकट्यालाही ठाऊक होतं. त्याने एकदाही थांब म्हटलं नाही, आणि बोललाही नाही. ताई रोज फोन करायची, भावजय उचलायची, जेवला का, झोपला का, एवढं झालं की दोघी गप्प व्हायच्या. मागे त्याच्या खोकल्याचा आवाज यायचा. त्या खोकल्यासाठी ताई फोन कानाला लावून ठेवायची.

असे पाच महिने गेले.

त्या दिवशी चार वाजून दहा मिनिटं झाली होती. फोन वाजला. भावजय म्हणाली, "थांबा हं, देते." कुणाला देते, हे ताईच्या लक्षातच आलं नाही.

"ताई," धाकटा म्हणाला.

 तिने ओट्याची कड धरली.

"पाणी आज थोडं गार आहे."

पेटीतला आकडा बघायला ती वाकली. पस्तीस. कांडीची वायर सैल झाली होती. तिने ती दाबून बसवली, किटलीतलं थोडं ऊन पाणी कडेकडेने ओतलं, बोट घालून बघितलं.

"आता?"

"हां. आता बरं."

तो फोन ठेवेल असं तिला वाटलं. त्याने ठेवला नाही. त्याचा श्वास ऐकू येत होता, संथ, जेवून पडलेल्या माणसासारखा.

"आज लवकर काढू नकोस," तो म्हणाला.

भिंतीवर चार वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती. ताईने डाव्या पायाची आठवण द्यायला तोंड उघडलं.

"नाही काढत," ती म्हणाली.

ती खुर्ची ओढून पेटीशेजारी बसली. पाच वाजले, साडेपाच वाजले. पलीकडे तो झोपी गेला होता आणि फोन तसाच चालू होता. घरात इतकं शांत होतं की पेटीतला आवाज येऊ लागला. भिजत घातलेल्या धान्यातून येतो तसा, बारीक, थांबून थांबून. थोड्या वेळाने तोच आवाज तिला फोनमधूनही ऐकू आला, त्याच्या डाव्या पायातून यावा तसा.